शेतातलं पावसाळी डबकं: या चुका टाळा

मे महिन्यात मुळशी-मावळाकडे गेलात की भातखाचरांच्या कडेला एखादा खोलगट, भेगाळलेला तुकडा दिसतो. सातबाऱ्यावर तो बहुधा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत. पहिली चूक इथेच होते: "पडीकच आहे, मुरूम टाकून सपाट करू." त्या भेगांत गेंद आणि सीतेची आसवं या बुटक्या पावसाळी रानफुलांचं बी पडलेलं असतं. पावसाळ्यात वीतभर पाणी साठलं की रुजतं, सप्टेंबरात पाणी ओसरू लागलं की फुलतं आणि दिवाळीच्या आसपास बी टाकून मोकळं होतं. सगळा संसार चार महिन्यांचा.

दुसरी चूक माझी स्वतःची. पाणी आटतं म्हणून जीव हळहळला, जेसीबी बोलावला आणि डबकं दहा फूट खोल केलं. पाणी एप्रिलपर्यंत टिकलं, पण पुढच्या सप्टेंबरात गेंदाचं एक पांढरं बोंडूक दिसेना. बियांचा वरचा थर उपसून बांधावर गेला होता, आणि तळाला उजेड पोचत नव्हता. शिवाय दरवर्षी आटतं म्हणून तर बारमाही पाणवनस्पती तिथे माजत नाहीत. मग बांधावरची माती उथळ काठावर परत पसरली; दुसऱ्या वर्षी काठाकाठाने थोडे गेंद आले, मध्यभाग गेला तो गेलाच. शेततळं हवं तर दुसरीकडे खणा.

पाणी हिरवं-शेवाळलेलं दिसतंय? वरच्या खाचरातला युरिया ओघळतोय. मध्ये गवताचा रुंद पट्टा राखा. तणनाशक तर वरच्या अंगाला नकोच. काठावर हौसेने झाडं लावू नका, सावलीत ही बुटकी मंडळी टिकत नाहीत. गुरांना कायमची बंदीही नको (हे ऐकून निसर्गप्रेमी नाराज होतात): गवत गुडघाभर वाढलं की खालचं सगळं दडपतं. बी पडल्यावर गुरं खुशाल सोडा.

सरकार बघेल, या भरवशावर राहू नका. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत भातखाचरं धरलेलीच नाहीत, त्यामुळे खाचरातल्या पाण्याचं काय करायचं ते मालकाच्याच हाती.

आणि एकदाच ऑगस्टात जाऊन "काही नाही" म्हणू नका. सप्टेंबरअखेर पुन्हा जा. गेंदाचा नुसता फोटो काढून जात विचारू नका. त्याच्या जाती ओळखायला बारीक फुलं आणि बी भिंगाखाली धरावं लागतं.