ब्रेकच्या मूळ भागांवरील कारखान्यातील रंगखुणा कशा शोधाव्यात आणि जपाव्यात

जुन्या मोटारीचे ब्रेक उघडले की बहुतेक जण आधी वायर ब्रश हातात घेतात आणि कारखान्यात कुणीतरी कुंचल्याने ओढलेला पिवळा पट्टा पाच मिनिटांत नाहीसा होतो. गाडी मूळ रूपात आणायची असेल, तर आधी निरीक्षण, मग नोंद आणि शेवटी सफाई, असा क्रम ठेवावा.

दिसायला सारख्या पण गुणधर्माने वेगळ्या भागांची अदलाबदल होऊ नये (ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानदार पट्ट्या, यांच्या स्प्रिंगांना रंग असतो तो यासाठीच), तपासणी झाल्याचे कळावे किंवा बोल्ट आवळला गेल्याची साक्ष राहावी, अशा कारणांनी या खुणा केल्या जात. सर्व कंपन्यांना लागू पडेल असा रंगांचा एकच तक्ता नाही, म्हणून नुसत्या रंगावरून अर्थ लावण्याची घाई करू नये.

गाडी जॅकवर उचलून स्टँडवर नीट टेकवावी आणि चाक काढावे. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये (ब्रेकच्या घासल्या जाणाऱ्या अस्तरात) फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते. योग्य मास्क लावून ती ओली करूनच पुसावी. भाग जागेवर असतानाच टॉर्च तिरपी धरून छायाचित्रे काढावीत. समोरून पडलेल्या उजेडात न दिसणारी रंगाची जाड कड तिरप्या उजेडात लगेच उठून दिसते. ड्रमचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याचा) बाहेरचा पृष्ठभाग, कॅलिपरचा (डिस्क ब्रेकमध्ये चकतीला दोन्हीकडून आवळणाऱ्या भागाचा) सांगाडा, बॅकिंग प्लेटची (ब्रेक शू जिच्यावर बसतात त्या स्थिर पत्र्याची) मागची बाजू आणि मास्टर सिलेंडरच्या (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) कडा बारकाईने पाहाव्यात.

सफाईला कोमट पाणी, सौम्य साबण आणि कापूस पुरतो. घट्ट बसलेला चिकटा लाकडी काडीने खरवडावा. कापसावर रंग उतरू लागला की तिथेच थांबावे. ब्रेक क्लीनर मात्र या टप्प्यावर वापरू नये. ग्लायकोलयुक्त ब्रेक ऑइलही रंग खाते, त्यामुळे गळक्या मास्टर सिलेंडरच्या खालच्या अंगाला खूण सापडली नाही, तर ती मुळातच नव्हती असे समजू नये.

खरी गंमत खूण वाचण्यात आहे. समजा, बॅकिंग प्लेटवरचा पांढरा ओघळ खाली न येता आडवा गेलेला दिसला, तर रंग लावताना प्लेट गाडीवर बसवलेल्या स्थितीत नव्हती. बोल्टच्या माथ्यावरून शेजारच्या ब्रॅकेटवर गेलेली रेघ सरळ जुळत असेल, तर तो बोल्ट बहुधा रंगानंतर हललेला नाही. रेघेचे दोन तुकडे सरकलेले असतील, तर तो कधीतरी फिरला आहे. रंग गंजाच्या खड्ड्यांत उतरून बसला असेल, तर तो गंजानंतरचा, म्हणजे कुणीतरी मागाहून लावलेला असतो. खूण मूळचीच आहे असे विक्रेत्याने कितीही छातीठोकपणे सांगितले तरी हे खड्डे आधी पाहावेत.

नोंद करताना भागाशेजारी पट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्यावे. डावी-उजवी बाजू, पट्ट्याची रुंदी आणि जवळच्या छिद्रापासूनचे अंतर लिहून ठेवावे. रंगाची छटा ठरवताना उघड्यावर फिकटलेला भाग न धरता एखाद्या खाचेत झाकून राहिलेला ठिपका प्रमाण मानावा.

भाग सँडब्लास्ट करावाच (वाळूच्या माऱ्याने साफ करावाच) लागला, तर याच नोंदीवरून खूण पुन्हा काढता येते. एनॅमल रंगात कुंचला बुडवून एकाच झटक्यात पट्टा ओढावा; चिकटपट्टी लावून काढलेली रेखीव कड पाहताक्षणी खोटी वाटते. लायनिंग टेकते तो पृष्ठभाग, हबवर (चाकाच्या मध्यावरील फिरत्या भागावर) बसणारी बाजू आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना यांना रंगाचा थेंबही लागू देऊ नये. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असल्यास झिजलेला ड्रम त्याच्याशी ताडून पाहावा आणि तो व्यास ओलांडला गेला असेल, तर खूण कितीही शाबूत असली तरी तो ड्रम गाडीवर चढवू नये. नव्या ड्रमवर खूण उतरवण्यासाठी नमुना म्हणून तो फळीवर ठेवावा.