सहा मुलं, एक घर आणि रविवारची रात्र : माजी विद्यार्थ्यांकडे जेवण कसं घडवून आणायचं

आधी हॉल रद्द करा. केटररला ॲडव्हान्स दिला असेल तर तो बुडाला असं समजा. आजी-माजी विद्यार्थ्यांची गाठ पडावी म्हणून कॉलेजं जो स्नेहमेळावा भरवतात, त्यात स्नेह कमी आणि मेळावाच जास्त. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा मुद्दा असतो, त्यामुळे दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, बॅनरपुढे फोटो निघतो आणि फाइल भरते. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. चाळीस मुलं, अकरा माजी विद्यार्थी, बुफे. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं बोलले, तोवर पनीरच्या भाजीवर तवंग थिजला. मुलं ताटं घेऊन आपापल्या टोळक्यात गेली आणि माजी विद्यार्थी एकमेकांना भेटून खूश होऊन घरी गेले.

त्यानंतर आठ वर्षं मी एकच पद्धत वापरते आहे. एक माजी विद्यार्थी, त्याचं घर, सहा मुलं, साधं जेवण. मी पुण्यात करते, म्हणून पुण्याचं सांगते.

वार आणि महिना

रविवारची संध्याकाळ. दुसरा वार सुचवणाऱ्याने कधी मेसमध्ये जेवलेलं नाही. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. मुलं वडापाव, मॅगी नाहीतर सकाळच्या उरल्यासुरल्यावर भागवतात. तुम्ही बोलावलंत तर येतील. रविवारी दुपारी मात्र चुकूनही ठेवू नका, तेव्हा मेसमध्ये फीस्ट असते आणि गुलाबजाम सोडून कोणी अनोळखी माणसाकडे येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे महिने बरे. परीक्षा तोंडावर आल्या की विषय सोडून द्या. गणपतीचे दहा दिवसही सोडा.

यजमान

पाच ते बारा वर्षांपूर्वी बाहेर पडलेला माणूस शोधा. मोठं नाव नको. कंपनीचा मोठा अधिकारी आला की मुलं पाठ ताठ करून बसतात. ज्याला पहिली नोकरी मिळायला दीड वर्ष लागलं आणि ते ज्याला अजून आठवतं, तो खरा उपयोगी. त्याचं स्वतःचं घर नसलं तरी चालेल, भाड्याचा टू बीएचके पुरतो. सतरंजी अंथरली की झालं.

सहाच का? अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात 1968पासून बारा अनोळखी माणसांच्या जेवणाचा असा उपक्रम चालतो. तिथे बारा जमतात, कारण तिथली घरं मोठी असावीत. आपल्या दिवाणखान्यात बारा जण बसले की दोन गट पडतात आणि एका गटात फक्त मोबाइल बोलतो. सहापेक्षा कमी नकोत, कारण एखादा ऐन वेळी गळतोच.

गळतीवरून आठवलं. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा आणि रविवारी साडेसहाला सगळ्यांना कॉलेजच्या गेटवर जमवून एकत्र न्या. ‘लोकेशन पाठवते, तुम्ही या’ म्हटलंत तर दोघं बिल्डिंगखालून परत जातील. हे मी पाहिलं आहे.

मुली असतील तर किमान दोन हव्यात, हॉस्टेलच्या रेक्टरची परवानगी आधी हवी आणि परतायची वेळ यजमानाला आधीच सांगितलेली हवी. एकट्या मुलाला किंवा मुलीला कोणाच्याही घरी पाठवायचं नाही, यजमान कितीही ओळखीचा असला तरी. यावर चर्चा नाही.

स्वयंपाक

आधी विचारा: शाकाहारी कोण, कांदा-लसूण कोण खात नाही, संकष्टी कोणाची, रोजा कोणाचा. मग वरण-भात, एक रस्सा, एक कोरडी भाजी, कोशिंबीर, भाकरी नाहीतर पोळ्या. यजमान हमखास कमी करतो. माणशी दोन पोळ्या हा नोकरदारांचा हिशेब झाला. मेसवाल्या पोराला पाच धरा. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणल्या तरी कोणाचं काही बिघडत नाही. बिर्याणी मागवू नका, कारण पुढे सांगते.

पहिला अर्धा तास

माझी दोन वर्षं इथे वाया गेली. बाकी सगळं जमत होतं. मुलं येत होती, जेवण चांगलं होत होतं, आणि तरी बैठक मुलाखतीसारखी व्हायची. यजमान विचारायचा, मुलं एका वाक्यात उत्तर द्यायची, मग यजमान कंटाळून स्वतःबद्दल सांगायला लागायचा आणि ते भाषण ताक येईपर्यंत चालायचं.

यावर मला जे सल्ले मिळाले ते सगळे मी करून पाहिले. ओळख परेड: नाव, शाखा, छंद. सहावा बोलेपर्यंत पहिल्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही आणि छंद सगळ्यांचा ‘वाचन’. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून उचलायला लावणे: वाढदिवसाच्या पार्टीत शोभेल. मुलांकडून आधी प्रश्न लिहून घेणे: हा सगळ्यात वाईट. सहाही जण ‘यशाचं रहस्य काय’ लिहून आणतात.

चूक कुठे होती ते मला पुण्याच्याच जुन्या गोष्टीवरून कळलं. इथे गरीब मुलं वार लावून जेवायची; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणी झोळी घेऊन माधुकरी मागायचे. 1909मध्ये सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही सुरुवातीला माधुकरीवर राहिली. त्या जेवणाने पुष्कळ जण शिकले, हे खरं. पण वारावरचा मुलगा त्या घरात मान वर करून बोलत नसे, कारण तो उपकाराचं खात होता. आणि ते घरही बहुधा त्याच्याच जातीचं असे. भाऊराव पाटलांनी 1924मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली आणि आपली कामं आपणच करू लागली. फरक नेमका तिथे आहे. जो काम करतो, तो पाहुणाही नसतो आणि याचकही नसतो.

म्हणून माझा नियम असा की मुलं पोचतील तेव्हा स्वयंपाक अर्धाच झालेला असला पाहिजे. मटार सोलायचे राहू द्या. लसूण राहू द्या. शेंगदाणे भाजून ठेवा, पण कूट करू नका. पापड भाजायचे, काकडी चोचवायची, ताटं मांडायची. पहिली दहा मिनिटं चपला, पाणी, बाथरूम कुठे यात जातात, आणि अकराव्या मिनिटाला प्रत्येकाच्या हातात काहीतरी पाहिजे. हात गुंतले की नजर खाली जाते, आणि नजर खाली गेली की तोंड उघडतं. बिर्याणी मागवली तर करायला काही उरत नाही, म्हणून ती नको.

सहकारनगरातल्या एका घरी रावेरकडचा एक मुलगा आला होता. भूशास्त्राचा, तिसरं वर्ष. चाळीस मिनिटांत ‘हो मॅडम’ सोडून शब्द नाही. यजमानीण भूजलाचं काम करणारी. तिची भाकरी काही केल्या फुगेना. हा उठला, तिच्या हातातलं उलथणं बाजूला ठेवून बोटांनीच भाकरी तव्यावरून उचलली आणि सरळ जाळावर धरली. टम्म फुगली. “आमच्याकडं कळण्याची असते, ज्वारीत उडीद,” तो म्हणाला. मग भाकरीवरून घर, घरावरून केळीची बाग, बागेवरून बोअर. तिसरं बोअरही कोरडं गेल्याचं त्याने सांगितलं आणि तिने गॅस बंद केला. “किती फूट गेलात? मधे कुठला थर लागला?” त्यानंतर पाऊण तास ती दोघं आणि आजूबाजूला वाटाणे सोलणारे चौघं पाण्यावरच बोलत होते. यशाचं रहस्य कोणी विचारलं नाही.

या अर्ध्या तासात यजमानाने काय करू नये, हे त्याला आधी फोनवर स्पष्ट सांगा. मी सांगते, आणि राग आला तर येऊ देते.

आडनाव विचारायचं नाही. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न तर आपल्याकडे कशासाठी विचारला जातो हे मुलांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. तुमच्या मनात काही नसेल, पण समोरच्याने तो प्रश्न आयुष्यात वीस वेळा वेगळ्या कारणासाठी ऐकलेला असतो. घरात आजी असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा; आजी मुलांना बोलतं करण्यात पटाईत असतात, पण त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. एकदा एका घरी हे सांगायला मी विसरले. एक मुलगी त्यानंतर शेवटपर्यंत फक्त भात चिवडत राहिली. पुढच्या वेळी ती आली नाही, आणि मी तिला का ते विचारलंही नाही.

त्याऐवजी मेसबद्दल विचारा. ‘तुमच्या मेसमध्ये सगळ्यात वाईट भाजी कुठली?’ यावर गप्प बसलेला विद्यार्थी मी अजून पाहिला नाही.

सर-मॅडम बंद. दहा-बारा वर्षांचं अंतर असेल तर दादा नाहीतर ताई, त्याहून मोठा असेल तर काका-काकू. पहिल्या वाक्यातच यजमानाने हे स्वतः सांगायचं. मुलं आपणहून म्हणणार नाहीत. आणि यजमानाने स्वतःची पहिली गोष्ट सांगायची ती फसलेल्या कामाची. कुठे नापास झाला, कुठून काढून टाकलं. बढतीची गोष्ट ताक वाढल्यावर.

जेवताना आणि नंतर

जमिनीवर गोल बसा, भांडी मधे ठेवा. टीव्ही बंद. तुम्ही आयोजक असाल तर स्वयंपाकघराच्या दाराशी बसा आणि तोंड मिटून जेवा.

नोकरी मागायची नाही, बायोडेटा पुढे करायचा नाही, हे मुलांना गेटवरच बजावा. फोन नंबर यजमानाने आपणहून दिला तर घ्यायचा. बहुतेक जण देतात. फीडबॅक फॉर्म नावाचा प्रकार काढू नका. दुसऱ्या दिवशी मुलांनी एक मेसेज टाकला की पुरे.

खर्च यजमानाचा. नवा नोकरीला लागलेला असेल तर वाणसामानाचे पैसे गुपचूप द्या, मुलांकडून वर्गणी नाही.

ताटं मुलांनीच विसळायची. यजमान ‘राहू दे, राहू दे’ म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. साडेनऊला निघा. उरलेल्या पोळ्या आणि कोरडी भाजी डब्यात भरून द्या. रूमवर कोणीतरी मॅगीचं पाणी उकळत बसलेलं असतं. डबा परत द्यायला मुलांना पुन्हा यावं लागतं, म्हणून प्लॅस्टिकची पिशवी नाही, स्टीलचाच डबा द्या.