फुप्फुस नवं, अन्ननलिका जुनीच: रात्रीचं ताट लवकर वाढा

ठाण्यात रात्रीचं जेवण लोकलच्या वेळेवर ठरतं. नऊला घर, साडेनऊला ताट, साडेदहाला अंथरूण. आमच्याकडेही तेच चालायचं, ताईचं फुप्फुस प्रत्यारोपण होईपर्यंत.

ताईला स्क्लेरोडर्मा आहे, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाणारा आजार. त्यात अन्ननलिकेच्या खालच्या भागाचे स्नायू दुबळे होतात आणि जठरावरची झडप सैलावते. फुप्फुस बदललं तरी हे बदलत नाही. शिवाय नव्या फुप्फुसाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा शस्त्रक्रियेत तुटलेल्या असतात, त्यामुळे आम्ल किंवा अन्नाचा कण आत उतरला तरी ठसका लागेलच असं नाही. ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज आधी सोडा. असं वारंवार झालं तर नवं फुप्फुसही हळूहळू निकामी होऊ शकतं.

पहिलं काम तपासणीचं. बेरियम पाजून गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ काढतात, मॅनोमेट्रीने अन्ननलिकेचा दाब मोजतात. स्पीच थेरपिस्ट गिळायलाही शिकवतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मान कशी ठेवायची, पाणी किती पातळ चालेल, हे त्यांनाच विचारा.

मग घड्याळ. शेवटचा घास झोपेच्या किमान ३ तास आधी. ताई साडेसातला जेवते. आम्ही जेवताना नुसती गप्पांना बसते. पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. उशांची चळत नको. तिने पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर चढतं.

ताटात ओलसर आणि मऊ: गुरगुट्या भात, वरण, तूप, आमटीत कुस्करलेली भाकरी. या आजारात तोंड कमी उघडतं म्हणून चहाचा चमचा. मिसळ सुटली, याचं ताईला अजून वाईट वाटतं. कच्ची मोडाची कडधान्यं आणि गाडीवरची चटणी संसर्गाच्या भीतीने बंद. पपनस, ग्रेपफ्रूटही नको, त्यांनी टॅक्रोलिमसची (शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातली पातळी वाढू शकते.

गोळ्या ताठ बसून, एकेक. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. न विचारता कॅप्सूल फोडू नका.

गिळताना दुखणं, जेवल्यावर आवाज घोगरा-ओला होणं, वजन घटणं, ताप, घरच्या स्पायरोमीटरचा (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायच्या यंत्राचा) आकडा १० टक्के उतरणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी प्रत्यारोपण टीमला फोन. घास अडकून लाळही उतरत नसेल तर घोडबंदर रोडचं ट्रॅफिक सुटायची वाट पाहू नका, १०८ लावा.