स्टेन्सिल घरीच मोठं करताय? मग या चुका टाळा

मागच्या पोळ्याआधी गावातल्या शाळेच्या भिंतीवर बैलजोडी काढायची ठरली. माझ्याकडं ७ इंचाचं स्टेन्सिल, म्हणजे चित्र कापून काढलेला साचा, होतं आणि भिंतीवर पायजे होतं २१ इंचाचं. तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडं गेलो, "मोठं करून द्या" म्हटलं, त्यानं १४१ टक्क्यांचं बटन दाबून एक ए-थ्री कागद हातात दिला आणि मी न मोजताच घेऊन आलो. घरी पट्टी लावली तर बैल दहा इंचाच्याही आत. अर्धा दिवस आणि एसटीचं भाडं दोन्ही गेलं, शाळेतले पोट्टे रंगाचे डबे उघडून वाट पाहत बसलेले.

त्याचं काही चुकलं नव्हतं. १४१ टक्के म्हणजे ए-फोरचं ए-थ्री, रोज तेच काम असते त्याच्याकडं. टक्के आपणच सांगायचे असतात, हिशोब सोपा आहे, पायजे ते माप भागिले आहे ते माप गुणिले १००. २१ ला ७ नं भागलं, ३००. दुसरी गोष्ट, ३०० टक्के म्हणजे तीन कागद नाही भाऊ, लांबी तिप्पट आणि रुंदीही तिप्पट, म्हणजे जागा नऊपट. पूर्ण ए-फोरभर चित्र असलं तर नऊ ए-फोर तर लागतातच, वरून प्रिंटर कडेला थोडी जागा कोरी सोडतो म्हणून त्याहून जास्तच धरा.

मी आता एकच काम आधी करतो, मूळ चित्राच्या खाली पेननं बरोबर ५ सेंटीमीटरची रेघ मारतो. तिप्पट केलं की ती रेघ १५ सेंटीमीटर भरलीच पायजे, नाही भरली तर दुकानातच समजते, घरी येऊन नाही.

घरी किंवा शेजारी प्रिंटर असला तर तालुक्याला जायची गरजच नाही. चित्र पीडीएफ करून अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा, प्रिंटमध्ये 'पोस्टर' निवडा, टक्के टाका, कागद एकमेकांवर थोडे चढतील असं ओव्हरलॅप ठेवा आणि कट मार्क्सवर, म्हणजे कुठं कापायचं त्या खुणांवर, टिक करा. कॉम्प्युटरमधल्या साध्या पेंटमध्येही पेज सेटअपला 'फिट टू' २ बाय २ पानं टाकता येतात. साधं एका पानाचं प्रिंट काढताना मात्र 'फिट टू पेज' चालू राहिलं की माप गेलंच, तिथं 'अ‍ॅक्च्युअल साइझ' पायजे. चित्राचा फोटो तिरपा काढू नका, खिडकीजवळ कागद सपाट ठेवून बरोबर वरून काढा, नाहीतर बैलाचं एक शिंग जाड आणि दुसरं बारीक येते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की त्याची क्वालिटी उतरते आणि मोठं केल्यावर कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात.

कागद जोडताना बहुतेक जण कागदाची कड कडेला लावतात, तिथंच घोळ होतो. रेघ रेघेला लावायची, कागद वाकडा दिसला तरी चालते. खिडकीच्या काचेवर उजेडात धरून जोडा, पलीकडची रेघ आरपार दिसते.

आता खरी गोष्ट सांगतो, काहून की इथं लय जणांचं काम फसते. अक्षरांचं स्टेन्सिल मोठं करताना आतल्या बेटांचा विचार कोणी करत नाही. "पाणी वाचवा" घ्या, टाकीवर लिहायला नेहमी लागते. प आणि व यांच्या पोटातला भाग कापून सुटा होतो, त्याला धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावी लागते. लहान स्टेन्सिलमध्ये २ मिलिमीटरची पट्टी पुरली. तिप्पट केलं तर पट्टी झाली ६ मिलिमीटर, पण पोटातला तुकडा झाला नऊपट, तेवढं ओझं ती पट्टी कशी पेलणार, तुकडा लोंबतो आणि रंग खाली शिरतो. म्हणून मोठं केल्यावर, कापायच्या आधी, पेन्सिलनं आणखी एक-दोन पट्ट्या काढून घ्या. रंग वाळल्यावर त्या फटी ब्रशनं भरता येतात. शिरोरेघही सलग कापू नका, लांब फट वाकते, दर चार-पाच इंचावर एक जोड ठेवा.

झेरॉक्सच्या कागदावर थेट रंग लावू नका, दोन फटक्यांत तो फुगून सुरकुततो. जाड पुठ्ठा घ्या, नाहीतर जुन्या एक्स-रेची फिल्म, छातीची मोठी फिल्म १४ बाय १७ इंचाची असते, पुसून पुन्हा वापरता येते. त्यावरचं नाव लिहिलेला कोपरा मात्र आधी कापून टाका, कोणाचं दुखणं भिंतीवर फिरवायचं नाही. ब्लेड नवंच घ्या आणि खाली काच ठेवा. बोथट ब्लेडनं कड फाटते आणि फाटलेली कड भिंतीवर दिसते.

प्रिंटरच नसला, लाईटही गेली, तरी मोबाईलच्या टॉर्चनं काम होते. टॉर्चपासून स्टेन्सिल १ फुटावर आणि भिंत ३ फुटांवर ठेवली की सावली तिप्पट. चूक इथं होते ती स्टेन्सिल हातात धरण्याची, हात हलतो, तिरपा होतो. दाराच्या चौकटीत दोऱ्यानं बांधा, भिंतीला समांतर. मोबाईलला दोन फ्लॅश असले तर कड दुहेरी दिसते, एकावर काळी टेप लावा. ती ५ सेंटीमीटरची रेघ स्टेन्सिलमध्येच फट म्हणून कापलेली असली तर सावलीही मोजता येते.

भिंतीवर लावताना जुन्या भिंतीच्या कोपऱ्यावर किंवा चौकटीवर भरवसा ठेवू नका, त्या सरळ नसतात. ओळंबा सोडा, निळीत बुडवलेला दोरा ताणून टिचकी मारा आणि स्टेन्सिल त्या रेघेला लावा. रंग ब्रशनं फासू नका, स्पंज घ्या, आधी रद्दीवर टिपून घ्या, मग हलकं थापटा. मोठ्या स्टेन्सिलचा मधला भाग भिंतीपासून फुगून राहतो, तिथं एका हातानं दाबून दुसऱ्यानं थापटा, नाहीतर एक पोट्टा मदतीला घ्या.

काम झालं की धुऊन, पुसून, दोन पुठ्ठ्यांच्या मधात सपाट ठेवा, गुंडाळून नाही. आणि टिनाच्या छपराखाली नकोच, आपल्या मे महिन्यात फिल्म तिथं अशी वाकते की पुढच्या पोळ्याला भिंतीला टेकतच नाही. मी माझी गादीखाली ठेवतो.