नर्सिंगला अ‍ॅडमिशन घेताय? पैसे भरायच्या आधी या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये तासगावहून धाकट्या बहिणीचा फोन, "अक्का, पोरीचं नर्सिंगचं झालं बघ, पंचवीस हजार भरून पण आलो." मी विचारलं कशाला झालं, एएनएम का जीएनएम? तर म्हणे "नर्सिंगच की गं, एक वर्षाचं." मी तेव्हा मिरजेत ड्युटीवर होते, हातात मेडिसीनचा ट्रे, तसाच खाली ठेवला. कारण एक वर्षाचं नर्सिंग नसतंच. एएनएम म्हणजे सहायक नर्स-दाईचा कोर्स 2 वर्षं, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग-मिडवाइफरीचा डिप्लोमा 3 वर्षं, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षं, आणि तिन्हीला बारावी लागते. दहावीवर सहा महिन्यात "नर्स" करतो म्हणणारे जे बोर्ड एसटी स्टँडच्या आसपास दिसतात ना, ते बहुतेक नर्सिंग असिस्टंट नाहीतर जनरल ड्युटी असिस्टंटचे कोर्स असतात. ते काम वाईट नाही, आमच्या वॉर्डात अशा मुली आहेत आणि त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही, पण त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशन नाही म्हणजे स्टाफ नर्स नाही, झेडपीच्या आरोग्यसेविकेचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही. म्हणून फी किती हे नंतर विचारा, पहिला प्रश्न हाच की कोर्स संपल्यावर पोरीचं नाव कौन्सिलच्या रजिस्टरला लागणार का.

बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पावती पाठवली. अर्धा कागद, निळ्या पेनानं "अ‍ॅडमिशन साठी 25,000/-", खाली गोल शिक्का. कोर्सचं नाव नाही, वर्ष नाही, पावती नंबर नाही, आणि तळाला बारीक अक्षरात छापलेलं, भरलेली रक्कम परत मिळणार नाही. वर बारावीचं मार्कशीट आणि टीसी ओरिजनल त्यांच्याच कपाटात. पाच हेलपाटे घातल्यावर कागद सुटले आणि बारा हजार परत आले, उरलेले गेले ते गेलेच. तर ओरिजनल दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, आणि ठेवूनच घेतले तर कुठला कागद दिला ते लिहून सही-शिक्का घ्यायचा, लाजायचं नाही. पैसे शक्यतो खात्यावर किंवा डीडीने, आणि खातं संस्थेच्या नावाचंच पाहिजे, सरांच्या पर्सनल नंबरवर गुगल पे करू नका.

मान्यता बघताना भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका, ती कुठल्या वर्षाची आहे आणि कुठल्या कोर्सची ते वाचा. एखाद्याकडे एएनएमची परवानगी असते आणि जाहिरात जीएनएमची पण करतात. एएनएम-जीएनएमची परीक्षा मुंबईचं राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं आरोग्य विद्यापीठ. कराडचं कृष्णा, सांगलीतलं भारती हे अभिमत विद्यापीठाखाली येतात, तिथली फी वेगळी ठरते, ती सरकारी कॉलेजच्या फीशी लावून बघायची नाही.

हॉस्पिटल न बघता पैसे भरणं ही माझ्या मते सगळ्यात महागातली चूक, आणि ही जवळजवळ सगळेच करतात. नर्सिंग वर्गात शिकून येत नाही ओ, पेशंटला हात लावून येतं. जीएनएमला 100 बेडचं हॉस्पिटल लागतं असा नियम आहे, तर कॉलेज ज्या हॉस्पिटलचं नाव सांगतं तिथं एक दिवस सकाळी आठला जाऊन या. बेड भरलेत का बघा, वॉर्डच्या सिस्टरला हळूच विचारा, अमुक कॉलेजच्या मुली पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात काम शिकायला, येतात का, लेबर रूमला त्यांना उभं राहू देतात का. सिस्टर खरं सांगते, तिला कमिशन नसतं. माझ्या भाचीच्या "हॉस्पिटल"मध्ये अकरा खाटा होत्या आणि त्यातल्या दोनवर गाद्या नव्हत्या.

आता फी. "वर्षाला साठ हजार" एवढंच ऐकून घरी येऊ नका, तिन्ही वर्षांचा हिशोब लेटरहेडवर मागा, त्यात हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, परीक्षा फी, पोस्टिंगला जायची गाडी, डिपॉझिट सगळं वेगवेगळं लिहून. लिहून देत नसतील तर उठायचं.

बीएस्सीला जाणाऱ्यांची अजून एक गडबड होते. घाईत मॅनेजमेंट कोट्यात डोनेशन भरून मोकळे होतात, आणि मग कळतं की 2024 पासून आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची जी फी माफी आहे ती कॅप राउंडनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं, आलेल्यांनाच मिळते. त्यामुळे सीईटी द्या, राउंडची वाट बघा, आणि तहसीलमधनं उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आधीच काढून ठेवा, जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. लोन काढणार असाल तर फीचा पहिला हप्ता भरायच्या आधी बँकेत जा, कॉलेजची मान्यता बँक पण तपासते, आपल्याला फुकटात दुसरी तपासणी होऊन जाते.

मिरजेत कर्नाटकातल्या कॉलेजचे एजंट पण फिरतात, हजेरी नको, परीक्षेपुरतं या म्हणणारे. हजेरी नको म्हणला की तिथंच नमस्कार. कर्नाटकात चांगली कॉलेजं आहेत, नाही असं नाही, पण तिकडं शिकलात की रजिस्ट्रेशन आधी तिकडच्या कौन्सिलला होतं आणि इथं नोकरी करायची तर ते महाराष्ट्रात आणायचं म्हणजे परत फी, परत कागद, परत वाट बघणं. तो खर्च एजंट सांगत नाही, तो आपणच तिकडच्या फीत धरायचा आणि मग बघायचं स्वस्त पडतंय का.