सेशनला बसण्याआधी: रीलची नेमकी चाल आणि पट्टी

आयरिश सेशनला, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीला, जायचं तर नुसतं रीलचं (जलद लयीच्या आयरिश नाचाच्या चालीचं) नाव लिहून नेऊ नका. पहिले दोन बार (मात्रांचे खंड) गुणगुणता यायलाच हवेत. ‘टॉस द फेदर्स’चंच घ्या. या नावाची एक चाल डी मिक्सोलिडियनमध्ये आहे, दुसरी ई डोरियनमध्ये, आणि दोन्ही सर्रास वाजतात. पेटीवर बसवायचं तर पहिली म्हणजे पांढरी दोनचा खमाज थाट, दुसरी पांढरी तीनचा काफी. तुम्ही बसणार त्या मंडळींत कोणती वाजते हे कळल्याशिवाय बोटं बसवायला घेऊ नका.

मग तीन-चार ध्वनिमुद्रणं काढा, शक्यतो वेगवेगळ्या वाद्यांची. फिडल (व्हायोलिन) खालच्या जी तारेपर्यंत उतरतं. डीच्या व्हिसलला (छोट्या आयरिश बासरीला) खालच्या डीच्या पुढे जागाच नाही, म्हणून व्हिसलवाले तेवढा तुकडा वरच्या सप्तकात वळवतात. असा फरक आढळला तर ती निराळी चाल धरू नका.

पट्टीच्या बाबतीत ध्वनिमुद्रणावर डोळे झाकून विसंबू नये. जुने आयरिश फिडलवादक मायकल कोलमन यांच्या काळातल्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असतील असं नाही. वेग हलला की सूरही हलतो. काही वादक मुद्दाम अर्धा सूर चढवून ई फ्लॅटमध्ये वाजवतात. फ्लॅट पाइप्स (भात्यावर वाजणारे, खालच्या पट्टीचे आयरिश पाइप्स) सी किंवा बीमध्ये ऐकू येतात, पण बोटं डीचीच असतात. फिडलच्या मोकळ्या तारा कुठे घुमतात तिकडे कान द्या, बोटांची पट्टी तिथेच सापडते.

नोटेशनही हाताशी ठेवा. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील यांच्या १९०३ च्या संग्रहात १८५० चाली आहेत. मात्र सुरुवातीला दोन शार्प (सूर अर्ध्याने चढवण्याच्या खुणा) दिसले की लगेच डी मेजर म्हणू नका, ई डोरियनलाही तेच दोन लागतात. चाल कुठे विसावते, षड्ज कुठे वाटतो, ते गाऊन पाहा.

सर्वांत जास्त वेळ सी या स्वराला द्या, कारण रीलचा रंग बहुतेक वेळा तिथेच ठरतो. व्हिसलवर सगळी छिद्रं मोकळी सोडली की सी शार्प. वरचं पहिलं मोकळं ठेवून पुढची दोन झाकली की सी नॅचरल, म्हणजे न चढवलेला सी. जुने फिडलवाले आणि पाइपवाले कधी कधी या दोघांच्या मधला सी लावतात, आणि मला तोच सगळ्यांत गोड लागतो. पेटीवर तो निघणार नाही, गळ्यातूनच पक्का करा.

प्रत्येक भाग दोनदा घेतात की एकदाच, तेही टिपून ठेवा. तिथे पोचल्यावर रील सुरू करणाऱ्याला आधीच हळूच विचारा, कोणत्या पट्टीत धरणार. त्यांची चाल तुमच्यापेक्षा वेगळी निघाली तर पहिली फेरी नुसती ऐका आणि त्यांच्याच चालीने वाजवा.