बाल्साचं स्पिटफायर: आधी पंखाचा पीळ सांभाळा

गोव्यात बाल्सा लाकडाचं उडतं स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल) घरी बांधणार असाल, तर सगळ्यात जास्त लक्ष पंखाच्या पिळाकडे, म्हणजे धडापासून टोकापर्यंत बदलत जाणाऱ्या कोनाकडे द्या. मूळ विमानात पंखाचा कोन धडाजवळ अधिक २ अंश आणि टोकाला उणे अर्धा अंश होता. त्यामुळे वेग कमी झाला तरी टोकं शेवटपर्यंत उचल धरतात. हा पीळ नसेल तर उतरताना एक पंख अचानक खाली पडतो आणि महिन्यांची मेहनत मातीत जाते.

आपल्या दमट हवेत बाल्सा ओल ओढतं, एकच बाजू सील केली की वाकतं. म्हणून दोन्ही बाजूंना पातळ सीलर लावा, पंख सरळ फळीवर टाचून वाळू द्या आणि वरून प्लास्टिकची पातळ फिल्म चढवल्यावर कोन पुन्हा मोजा. पीळ अर्धा अंश कमी-जास्त चालेल, पण डावा-उजवा सारखाच हवा. पावसाळ्यात विमानाचं धड बांधा. पंखांना दिवाळीनंतरच हात घाला, असं माझं ठाम मत आहे.

उडवण्याआधी डिजिटल स्कायचा, म्हणजे कुठे ड्रोन उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळाचा, नकाशा पाहाच. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, पेडण्यात मोपाचा विमानतळ. आसपासचं रिकामं शेत कितीही मोहात पाडो, तिथे नको.